"तुझा मेसेज मला फॉरवर्ड वाटला रे"

पत्र थोडक्यात: वय 41, नोकरी करतो. वडील शिक्षक होते, घरात शुद्ध आणि भारदस्त बोलण्याचा आग्रह असायचा, त्यामुळे भाषेची आवड लहानपणापासूनच. ऑफिसात निरोपाचं भाषण, सन्मानपत्र, ग्रुपवरच्या शुभेच्छा असं काहीही असलं की लोक माझ्याकडेच येतात. महिन्यापूर्वी शाळेपासूनच्या जिवलग मित्राची आई गेली. मी नेमका दुसऱ्या शहरात होतो, म्हणून तासभर बसून मनापासून एक मेसेज लिहिला. त्याचं उत्तर आलं फक्त 'धन्यवाद'. परवा भेट झाली तेव्हा बोलता बोलता तो म्हणाला, "तुझा मेसेज मला फॉरवर्ड वाटला रे." तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. घरी सांगितलं तर मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही बोलत नाही, सूत्रसंचालन करता." मला विचारायचंय की भाषा सोपी करणं म्हणजे दर्जा खाली आणणं नाही का? लोकांना चांगलं मराठी झेपत नाही यात माझी काय चूक? आणि मित्राशी आता काय बोलू? - एक शब्दप्रेमी

शब्दप्रेमी,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं (सॉरी), कारण सुरुवातच 'आपल्या बहुमूल्य वेळेतील काही क्षण मजसारख्या अज्ञ वाचकास प्रदान कराल अशी आशा बाळगतो' अशी आहे, आणि त्याच पत्रात पुढे तुम्ही विचारताय की माझी भाषा खरंच जड आहे का. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसू नाही आलं. कारण शेवटच्या पानावर, बहुतेक लिहून लिहून दमल्यामुळे, तुम्ही एकदम साधं लिहायला लागलात. तिथे चार ओळी अशा आहेत की त्यांच्यासाठीच हे उत्तर लिहावंसं वाटलं. त्यांच्याकडे नंतर येते.

तो मेसेज तुम्ही जसाच्या तसा जोडलात ते बरं केलंत. इतर वाचकांसाठी इथे देते: 'आपल्या पूज्य मातोश्रींच्या आकस्मिक देहावसानाचे वृत्त कळताच मन शोकसागरात बुडाले. आपल्या जीवनाकाशातील वात्सल्यसूर्य अस्तंगत झाला असून निर्दय काळापुढे मानव किती हतबल आहे याची विदारक जाणीव होत आहे. या दुर्धर प्रसंगी आपणांस व आपल्या कुटुंबीयांस धैर्य लाभो, ही ईशचरणी प्रार्थना.'

व्याकरण चोख आहे. बरीच वर्षं दुसऱ्यांचं लिखाण तपासणं हेच माझं काम होतं आणि हा मजकूर माझ्या टेबलावर आला असता तर मी एक वेलांटीसुद्धा हलवली नसती. पण त्यातला सगळ्यात साधा शब्द बघा, 'आपल्या'. ज्याला तुम्ही तीसेक वर्षं अरे-तुरे करताय, ज्याच्याशी भांडलात, ज्याच्या वह्या कॉपी केल्यात (हे तुम्हीच लिहिलंय), त्याला नेमकं त्याची आई गेली त्या दिवशी तुम्ही 'आपण' केलंत. माझ्या मते घोळ तिथे आहे, वात्सल्यसूर्य वगैरे नंतरचं. मराठीत 'तू'वरून 'आपण'वर जाणं म्हणजे चार पावलं मागे सरकून हात जोडून उभं राहणं, आणि त्याला त्या दिवशी कुणीतरी जवळ येऊन बसायला हवं होतं. तो शब्दांमुळे दुखावला असेल असं मला नाही वाटत. त्याला तुम्ही सापडला नाहीत त्या मेसेजमध्ये.

'फॉरवर्ड वाटला' हा तुम्हाला अपमान वाटला, तुम्ही लिहिलंय की 'तासाभराच्या साधनेचे हे फलित'. पण मला विचाराल तर ती एकदम नेमकी समीक्षा आहे. फॉरवर्ड म्हणजे काय, तर जो कुणीही कुणालाही पाठवू शकतो. आता तुमचा मेसेज घ्या आणि मातोश्रींच्या जागी तीर्थरूप घाला, वात्सल्यसूर्याचा आधारवड करा, झालं, कुणाच्याही वडिलांसाठी तयार. मातोश्री तशाच ठेवल्यात तरी त्या कुणाच्याही मातोश्री असू शकतात. त्या बाईंबद्दल, त्यांच्या घराबद्दल, तुमच्याबद्दल त्यात एक अक्षर नाहीये. तुम्ही शब्द न शब्द स्वतः लिहिलात हे खरंय, पण वाचणाऱ्याला ते कळायला काही मार्गच ठेवला नाहीत.

आता दर्जाचं. तुम्ही धरून चाललाय की जड लिहिलं की माणूस विद्वान वाटतो आणि सोपं लिहिलं की अडाणी. असं आपल्यापैकी बऱ्याच जणांना शाळेपासून वाटतं, निबंधात दोन सुभाषितं आणि चार जोडशब्द घातले की मार्क वाढायचे त्यामुळे असेल. पण वाचणाऱ्याला खरंच तसं वाटतं का हे एकाने चक्क तपासून बघितलंय. डॅनियल ओपनहायमर नावाचा मानसशास्त्रज्ञ (अणुबॉम्बवाला नव्हे, हा वेगळा), त्याचा 2006 साली एक शोधनिबंध आला. त्याने काही लेखांमधले साधे शब्द काढून त्याजागी समानार्थी कोशातले लांबलचक शब्द घातले आणि दोन्ही प्रकार लोकांना वाचायला देऊन विचारलं की लिहिणारा किती हुशार वाटतो. अवजड लेख लिहिणारा कमी हुशार वाटला. एका तत्त्वज्ञाच्या लिखाणाची दोन भाषांतरं दिली, एक किचकट आणि एक सुटसुटीत, तर सुटसुटीतवाल्याला जास्त मार्क. आणि त्याच निबंधात असंही आहे की 110 विद्यार्थ्यांना विचारलं, तुम्ही निबंध भारी वाटावा म्हणून मुद्दाम अवघड शब्द घातलेत का कधी, तर 86 टक्क्यांहून जास्त हो म्हणाले. म्हणजे बघा, जवळजवळ सगळेच हे करतात आणि ते त्यांच्यावरच उलटतं. त्या निबंधाला इग नोबेलही मिळालं, जे आधी हसवणाऱ्या आणि मग विचारात पाडणाऱ्या संशोधनाला देतात. गंमत म्हणजे निबंधाचं नाव त्याने मुद्दाम इतकं पल्लेदार ठेवलंय की ते तुम्हाला नक्की आवडेल.

त्यामुळे 'लोकांना झेपत नाही' हे मला तितकंसं पटत नाही. झेपतं हो. तुमच्या मित्राला 'अस्तंगत' कळलं नसेल का? कळलंच असेल. त्याला एवढंच कळलं नाही की हे तू मला का सांगतोयस.

अजून एक, 'चांगलं मराठी' म्हणजे फक्त संस्कृत शब्दांचं मराठी, हेही तुम्ही गृहीत धरलंय. हा भारदस्तपणाचा पोशाख वेळोवेळी बदलत आलाय. एके काळी फारसीचा रुबाब होता, दरबारी कागदात ती नसेल तर कागदाला वजन नसायचं. पुढे शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश करून त्या फारसी शब्दांना संस्कृत शब्द दिले गेले, तरी 'सदरहू' आणि 'मजकूर' अजून आपल्या अर्जांमध्ये ठाण मांडून बसलेत. आणि आता ऑफिसात कोण रुबाबदार वाटतो? जो 'आपण हे स्ट्रॅटेजिकली लेव्हरेज करून सगळ्या स्टेकहोल्डर्सना अलाइन करूया' म्हणतो तो. तुम्ही त्याच्यावर हसता असं तुम्हीच लिहिलंय. तो तुमचा सख्खा चुलतभाऊ आहे, शब्दप्रेमी. फक्त त्याने कपडे दुसऱ्या दुकानातून घेतलेत.

'उथळ पाण्याला खळखळाट फार' ही म्हण लोक अशा वेळी हमखास फेकून मारतात, मी मारणार नाही, कारण तुम्ही उथळ असतात तर मित्राच्या एका वाक्याने झोप उडाली नसती. मला तर उलटं दिसतं. आपण सगळ्यात जड भाषा कधी वापरतो बघा. घाबरलेलो असतो तेव्हा. साहेबांसमोर, स्टेजवर, अर्जात, मयतीला. जिथे काय बोलावं सुचत नाही तिथे तयार शब्द धावून येतात आणि खूप बरं वाटतं त्यांचं, एक तर चूक होत नाही, आणि मुख्य म्हणजे स्वतःचं काही उघडं पडत नाही. 'मन शोकसागरात बुडाले' लिहिणं सोपं आहे. 'मला रडू आलं' लिहायला हात अडखळतो, विशेषतः एका पुरुषाने दुसऱ्या पुरुषाला लिहायचं असेल तर. तुमच्या वडिलांनी तुम्हाला भाषा दिली, फार मोठी गोष्ट दिली, पण घरात दुःख झालं की ते स्वतः कसे बोलायचे हे आठवून बघा. उत्तर मला कळवायची गरज नाही.

माझंही सांगते, नाहीतर वाटेल की ही बाई जन्मतःच साधी सरळ लिहिते. नोकरीच्या सुरुवातीला मी एका लेखात झोकात लिहिलं होतं, 'त्यांच्या अपरोक्ष त्यांच्यावर टीका होत असे.' पाठीमागे, असं म्हणायचं होतं मला. 'पाठीमागे' फारच घरगुती वाटलं, 'अपरोक्ष' कसं वजनदार. छापून आलं. आठवड्याने एका आजोबांचं पोस्टकार्ड आलं, अतिशय प्रेमळ, की बाळ, परोक्ष म्हणजे डोळ्यांआड, त्याला 'अ' लावला की अर्थ उलटा होतो, अपरोक्ष म्हणजे डोळ्यांदेखत. म्हणजे मी छापून सांगितलं होतं की लोक त्या बिचाऱ्यांच्या तोंडावर टीका करायचे. हा शब्द आजही निम्मं जग उलटा वापरतं आणि मी दर वेळी लाजते. वजनदार शब्दाची ही एक भानगड असते, तो आपण उचलतो ऐटीत पण कुठून धरायचा ते माहीत नसतं. 'पाठीमागे' कधी चुकला असता का?

पण म्हणून 'सोपं लिहा सोपं लिहा' असा जप करणाऱ्यांमधली मी नाही. साधेपणाचीही एक ऐट असते, काही जण मुद्दाम गावरान बोलून भाव खातात, आणि दुसऱ्याने 'तथापि' म्हटलं की डोळे फिरवणं हाही माजच. तुम्हाला मोठे शब्द आवडतात ना, मग वापरा. त्यांची जागा असते. 1863 साली अमेरिकेत गेटिसबर्गला यादवी युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मशानभूमीचा कार्यक्रम होता, त्यात मुख्य वक्ता होता एडवर्ड एव्हरेट, त्या काळातला नावाजलेला वक्ता, तो दोन तास बोलला. त्याच्यानंतर राष्ट्राध्यक्ष लिंकन उठला आणि दोनेक मिनिटांत बोलून खाली बसला. दुसऱ्या दिवशी एव्हरेटनेच त्याला लिहून कळवलं की तुम्ही दोन मिनिटांत मुद्द्याच्या जितके जवळ गेलात तितका मी दोन तासांत गेलो असतो तर मला बरं वाटलं असतं. ही गोष्ट 'थोडक्यात बोला' सांगायला सगळे वापरतात. पण लिंकनच्या भाषणाचं पहिलंच वाक्य बघा, त्याला 87 वर्षांपूर्वी म्हणायचं होतं आणि तो म्हणाला चार विसा आणि सात वर्षांपूर्वी. जुन्या धर्मग्रंथासारखं, मुद्दाम, भारदस्त! आणि ते शोभलं, कारण प्रसंग तेवढा मोठा होता, ऐकणारा अख्खा समुदाय होता, आणि त्या एका भारदस्त आकड्यानंतर तो लगेच मुद्द्यावर आला. त्याने ते एखाद्या सैनिकाच्या आईला घरी जाऊन म्हटलं असतं तर विचित्र वाटलं असतं.

तेव्हा मी 'सोपं की अवघड' हा प्रश्नच बाजूला ठेवेन. समोर किती माणसं आहेत ते आधी बघा. शंभर असतील तर थोडा झगमगाट चालतो, कधी कधी हवाच असतो, सन्मानपत्र कुणी 'तू भारी काम केलंस' असं नाही लिहीत. एकच माणूस असेल तर त्याच्याशी रोज जसं बोलता त्यापेक्षा जास्तीत जास्त एक पायरी वर जा. दोन पायऱ्या चढलात की त्याला वर मान करून बघावं लागतं.

आणि शंभर असले तरी एक तपासणी कराच, तुमच्यासारखं दुसऱ्यांसाठी लिहून देणाऱ्या सगळ्यांना सांगते. लिहून झालं की नाव बदलून बघा. निरोपाच्या भाषणात या माणसाच्या जागी शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं नाव घातलं आणि भाषण तसंच्या तसं चाललं, तर ते फाडा. 'मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, हसतमुख' हे कुणालाही लागू पडतं, अगदी ज्याला कुणी कधी हसताना बघितलं नाही त्यालाही. त्यापेक्षा प्रिंटर बंद पडला की सगळे याच्याच नावाने हाक मारायचे, हे एक वाक्य घाला आणि मग त्याच्या आजूबाजूला तुम्हाला काय विशेषणं पेरायची ती पेरा.

ऑफिसच्या पत्रांबद्दल तुम्ही म्हणता की साहेबांना साधं चालत नाही. असेल. ही काही आपल्याकडचीच रड नाही, अमेरिकेत तर 2010 साली कायदाच करावा लागला की सरकारी खात्यांनी लोकांना कळेल असं लिहायचं. साहेबांशी भांडू नका, 'उपरोक्त विषयास अनुसरून' राहू द्या तिकडे वर, त्याने कुणाचं काही बिघडत नाही. पण त्याच्या खालच्या पहिल्याच ओळीत काय हवंय, कुणाकडून हवंय आणि कधीपर्यंत हवंय ते लिहा. आणि 'करण्यात यावे', 'करण्यात येत आहे', 'कार्यवाही व्हावी' दिसलं की थांबा, कारण या वाक्यांत करणारा माणूसच गायब असतो, आणि माणूस गायब असला की कामही होत नाही हा माझा अनुभव आहे. 'निर्णय घेण्यात आला' म्हणजे 'आम्ही ठरवलं'. 'उपस्थिती दर्शवली' म्हणजे आला. 'प्रतिपादन केले' म्हणजे म्हणाला. 'संपन्न झाला' म्हणजे झाला, नुसता झाला, संपन्न वगैरे काही झालेला नसतो. आणि 'च्या माध्यमातून' तर एक महिनाभर वापरायचंच नाही असं ठरवून बघा, काही अडत नाही.

बोलताना अडचण होत असेल तर मोबाईलवर स्वतःचं दोन मिनिटं रेकॉर्ड करून ऐका, वाईट वाटतं पण उपयोग होतो. लिहिताना मी अजूनही करते ते म्हणजे आधी तोंडाने बोलायचं. समोर बायको किंवा मुलगी बसलीय असं समजून सांगायचं की मला त्याला नक्की काय म्हणायचंय. जे तोंडातून निघेल तो पहिला खर्डा. मग हवं तर एखादा शब्द वरचढ करा, एखादाच. उलटं करायला गेलं, म्हणजे आधी भारदस्त लिहून नंतर सोपं करायला गेलं, की ते शब्द जाता जात नाहीत, इतक्या कष्टाने आणलेले असतात ना.

मुलीला मात्र थँक्यू म्हणा. 'सूत्रसंचालन' असं घरात तोंडावर सांगणारं माणूस मिळायला नशीब लागतं, आम्हाला त्यासाठी पोस्टकार्डाची वाट बघावी लागायची. तिला मराठी येत नाही असं तुम्ही लिहिलंय. मला तर तिला उत्तम येतं असं वाटलं.

आता मित्र. तुमच्यापुढे तीन रस्ते दिसतात. एक, सोडून द्या, विषय काढू नका. त्याने सहज म्हटलं असेल, विसरलाही असेल. पण तीस वर्षांचा मित्र असं उगाच म्हणत नाही, आणि तुम्ही तर विसरणार नाहीच. दुसरा, त्याला समजावून सांगणं की नाही रे, फॉरवर्ड नव्हता, मी स्वतः लिहिला, तासभर लागला. हे अजिबात नको. ज्याची आई गेलीय त्याने तुमच्या तासाची कदर करावी अशी अपेक्षा होते ती, आणि भाषा कितीही साधी ठेवलीत तरी ते सगळं तुमच्याबद्दलच होऊन बसतं. माफीचा मेसेजही नको, 'क्षमस्व' तर नकोच नको.

तिसरा रस्ता तुमच्याच पत्रात आहे, शेवटच्या पानावर. तुम्ही लिहिलंय: 'परीक्षेच्या वेळी मी त्याच्याकडेच अभ्यासाला असायचो. काकू रात्री दिवा बंद करायला यायच्या, आम्ही जागे दिसलो की काही न बोलता परत जायच्या. मी एकदा वहीवर डोकं ठेवून झोपलो होतो तर सकाळी उठलो तेव्हा अंगावर पांघरूण होतं. मी कधी विचारलं नाही कुणी घातलं.'

मला काकू माहीत नाहीत, आणि आता थोड्या माहीत आहेत. या ओळींत एकही समास नाही. नाव बदलून दुसऱ्या कुणाला पाठवता येत नाहीत त्या. आणि त्याला कदाचित पांघरुणाचं माहीतही नसेल, झोपला असेल तोही. ज्याची आई गेलीय त्याला तिच्याबद्दलची एखादी नवीन गोष्ट कळणं म्हणजे काय असतं हे मी इथे लिहायला गेले तर मीच शोकसागरात शिरेन, म्हणून राहू दे.

महिना उलटून गेलाय, आता उशीर झाला, असं मनात आणू नका. पहिल्या आठवड्यात मेसेजचा ढीग असतो, खरं सुनं वाटतं ते नंतर, सगळे आपापल्या कामाला लागले की. जाता येत असेल तर जा आणि बोलता बोलता सांगा. नाही जमलं तर लिहा, पण त्या ओळी जशा आहेत तशाच, सजवू नका, पांघरुणाला 'मायेचे' लावायचा मोह होईल, लावू नका. शेवटी प्रार्थना नको, सुविचार नको. आणि सुरुवातीला 'प्रिय मित्रवर्य' न लिहिता शाळेत त्याला ज्या नावाने हाक मारायचात ते लिहा, जे तुम्ही पत्रात मला सांगितलंत आणि जे मी इथे छापू शकत नाही.